पहिल्या दिवशी दोघांनी जायचं

दुपारची भांडी आवरून, जनावरांना पाणी दाखवून जरा टेकला असाल. नेहमी मी बचत गटाचे हप्ते, शेळीपालन, बँकेचे कागद असलं काही सांगते. आजचा विषय वेगळा आहे. घरात सासूबाई, दीर, मुलं असतील तरी रेडिओ बंद करू नका. त्यांनीही ऐकावं असंच हे आहे.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. एका सखीनं २० हजारांचं कर्ज मागितलं. कर्ज कशासाठी ते वहीत लिहावं लागतं. ती म्हणाली, "शिलाई मशीन." सचिवानं लिहून घेतलं. आता हिच्या घरी मशीन आहे, हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक. पण कुणी काही बोललं नाही. बैठक संपली, बायका गेल्या, ही मात्र माझ्याबरोबर सतरंजीची घडी घालत मागं राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, मशीन घ्यायचं नाही. लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. मोठ्या दवाखान्यात जायचंय. तुम्ही गेला होतात ना?"

मी म्हटलं, "गेले होते."

"पहिल्या दिवशी काय करतात? लगेच ऑपरेशन करतात का? २० हजारांत भागेल का? आणि ह्यांना यायला लागतं का?"

सतरंजी तशीच राहिली आणि आम्ही दोघी पुन्हा खाली बसलो. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, गटांच्या वह्या तपासणारी बाई आहे. पण या वाटेनं स्वतः गेले आहे, आणि गेल्या काही वर्षांत गटातल्या चार-पाच जणींबरोबर दवाखान्याच्या बाकावरही बसले आहे.

तिच्या तीन प्रश्नांतला शेवटचा मी आधी घेते. नवऱ्याला यायला लागतं का? हो, लागतं. अगदी पहिल्या दिवसापासून लागतं. आजच्या बोलण्यातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते ऐका. माझं लग्न २०११ साली झालं, तेव्हा मी २२ वर्षांची होते. वर्ष-दीड वर्षानं घरात विचारणा सुरू झाली. सासूबाई मला घेऊन एका दवाखान्यात गेल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माझं रक्त तपासलं. गोळ्या दिल्या. एकदा पिशवी साफ केली. नळ्यांचा एक्स-रे काढला, तोही दोनदा, कारण पहिला कागद दुसऱ्या डॉक्टरांना पटला नाही. अंगारे झाले, उपास झाले, पुसेगावच्या महाराजांना नवस बोलून झाला. पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत आमच्या ह्यांना एकाही दवाखान्यात कुणी एक प्रश्न विचारला नाही. ते आलेच नव्हते, आणि त्यांना बोलवा असं कुणी म्हणालंही नाही. हळदीकुंकवाला माझ्या ओटीत नारळ घालताना हात आखडायचे ते बायकांचे. त्यांना शेतात जाताना कुणी काही म्हणत नव्हतं.

२०१७ साली आम्ही वंध्यत्वाच्या खास दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपर उघडला आणि पहिल्यांदा विचारलं, "यजमान कुठे आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला? तो धडधाकट आहे." डॉक्टर म्हणाले, "आजी, मूल दोघांचं असतं, मग तपासणीही दोघांची." आणि त्यांनी आम्हाला तसंच परत पाठवलं. वडूजहून सातारा ५० किलोमीटर. पहाटे उठून गेलो, हात हलवत परत आलो. त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर वागलं.

मूल न होण्याची जी कारणं सापडतात, त्यांत जवळजवळ निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं. कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून. आणि पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त असते. सुई नाही, भूल नाही, एक्स-रे नाही. बाईच्या पोटात काही करण्याआधी ती एक तपासणी झालीच पाहिजे. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर माझी पिशवी विनाकारण साफ झाली नसती.

आता जायचं कधी? लग्नाला सहा महिने झाले की सासरची मंडळी घाई करतात, तेवढी घाई नको. एक वर्षभर नवरा-बायको एकत्र राहताहेत, काही साधन वापरत नाहीत, तरी दिवस राहिले नाहीत, तर तपासणीला जावं. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर थांबूच नये. टीबीचं मुद्दाम सांगते. तो फक्त छातीचा नसतो. पिशवीला आणि नळ्यांनाही होतो, आणि आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आणि "एकत्र राहताहेत" म्हणजे खरंच एकत्र बरं का. आपल्याकडं नवरा ट्रकवर, नाहीतर मुंबईला, नाहीतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर असतो. दोन महिन्यांनी चार दिवस घरी येतो. बाईचं बीज पाळीच्या महिन्यात एकदाच सुटतं, आणि त्याच्या आधीचे पाच दिवस व तो दिवस एवढाच दिवस राहण्याचा काळ असतो. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत. तो नेमका त्या दिवसांत घरी नसेल तर वर्ष काय, तीन वर्षंही जातील. हे डॉक्टरांना सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जायच्या आधीची तयारी सांगते. एक साधी वही घ्या. गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहा. कधी आली, किती दिवस गेली, किती दुखलं. आठवत नसतील तर आजपासून लिहायला लागा. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत घाला. चिठ्ठ्या, रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्मा. मी नळ्यांचा एक्स-रे दुसऱ्यांदा काढला, त्याचं एक कारण पहिली फिल्म मी माळ्यावर टाकली होती आणि उंदरांनी ती कुरतडली. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. दोघांची आधार कार्डं घ्या. तारीख घेताना फोनवर दोन गोष्टी विचारा. बाईनं पाळीच्या कोणत्या दिवशी यायचं आणि उपाशी यायचं का? बऱ्याच ठिकाणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलावतात, कारण त्या दिवशीच्या रक्तावरून आणि सोनोग्राफीवरून बीजाचा अंदाज चांगला येतो. म्हणून "पाळी आली, आता कसं जायचं" म्हणून तारीख बदलू नका. पुरुषानं तपासणीच्या आधी किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध ठेवलेला नसावा. हे आधी कळलं नाही तर ती खेप वाया जाते.

आता त्या दिवशीचं. आत गेल्यावर आधी नाव नोंदवतात, वजन, उंची, रक्तदाब घेतात. मग डॉक्टरांसमोर बसायचं. पहिल्या भेटीतला सगळ्यांत मोठा भाग म्हणजे प्रश्न. मशीन, सुई हे नंतर. प्रश्न खासगी असतात, तयारी ठेवा. लग्न कधी झालं, आधी कधी दिवस राहिले होते का, पडले होते का, पाडले होते का. संबंध आठवड्यातून किती वेळा येतो, त्या वेळी दुखतं का, नवऱ्याला काही अडचण येते का. नवऱ्याला विचारतात की लहानपणी गालगुंड झाले होते का, हर्नियाचं किंवा अंडकोषाचं ऑपरेशन झालंय का, तंबाखू, दारू किती, भट्टीजवळ काम करतो का, फवारणी करतो का. तालमीत किंवा जिममध्ये अंग भरण्याची इंजेक्शनं घेतली का, हेही विचारतात, कारण त्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होणं बंद पडू शकतं.

या प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पोटात अशी एखादी गोष्ट असते की जी सासरी ठाऊक नसते. लग्नाआधीची, किंवा एखाद्या वेळची. ती डॉक्टरांना कळणं गरजेचं असतं, सासूला कळणं गरजेचं नसतं. म्हणून "मला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" असं सरळ म्हणा. तो तुमचा हक्क आहे. नवऱ्यालाही तसंच एकट्यानं बोलू द्या. आणि सासूबाई, आई, नणंद कुणी बरोबर आलं असेल तर त्यांनी बाहेर बाकावर बसावं. सासूबाईंनो, रागावू नका. तुम्ही बाहेर बसलात तर तुमचा मुलगा आत तोंड उघडेल.

मग तपासणी. टेबलावर झोपवून पोट बघतात, गरज असेल तर आतून बघतात. त्या वेळी बाई मदतनीस हजर असली पाहिजे. नसेल तर बोलवायला सांगा. दुखलं तर "थांबा" म्हणा. सोनोग्राफी बहुतेक आतून करतात. त्या वेळी लघवी करून यायचं. पोटावरून करणार असतील तर उलट, पाणी पिऊन लघवी तुंबवावी लागते. आतल्या सोनोग्राफीची मला फार भीती होती. एक बारीक दांडा असतो, त्यावर निरोधचं आवरण आणि जेली असते. पाच-दहा मिनिटं लागतात. अवघडल्यासारखं होतं, कळा येत नाहीत. त्यात पिशवी कशी आहे, गाठ आहे का, बीजकोशात बारीक बीजं किती दिसतात, हे कळतं.

रक्त दोघांचंही घेतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बीज तयार करणारी संप्रेरकं, कावीळ, एचआयव्ही. एचआयव्हीची तपासणी तुमची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही, तसा २०१७ चा कायदा आहे. म्हणून कशावर सही करतोय ते विचारा. एएमएच नावाची एक तपासणी असते. बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज तिच्यावरून येतो. ती कमी आली की बायका रडायला लागतात. पण साठा कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असा तिचा अर्थ नाही. वेळ घालवू नका, एवढाच तिचा निरोप असतो.

आता पुरुषाची तपासणी. दादांनो, जरा इकडं लक्ष द्या. दवाखान्यात एक खोली देतात, एक डबी देतात. हातानं वीर्य काढून त्या डबीत द्यायचं. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. सगळं डबीत आलं पाहिजे. थोडं सांडलं तर तसं सांगायचं, कारण पहिल्या भागातच शुक्राणू जास्त असतात. काही ठिकाणी घरून आणायला परवानगी देतात, पण मग एका तासाच्या आत, अंगाच्या उबेला धरून पोचवावं लागतं. वडूजहून एस.टी.नं साताऱ्याला दीड तास लागतो, तेव्हा आपल्याला ते जमणार नाही. तिथंच द्यायचं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर त्यात कमीपणा नाही. अनोळखी खोलीत, बाहेर माणसं बसलेली, पुष्कळांना जमत नाही. दुसऱ्या दिवशीची तारीख घ्यावी. आमच्या ह्यांनाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला झालं. रिपोर्टवर आकडा होता, एका मिलिलिटरला २० लाख. हे बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ, २० लाख आहेत. मी म्हणतच होतो." मलाही आकडा मोठाच वाटला. आत गेल्यावर डॉक्टरांनी समजावलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं खालची मर्यादाच साधारण दीड कोटीच्या पुढे आहे. २०२१ च्या त्यांच्या पुस्तिकेत ती १ कोटी ६० लाख दिली आहे. त्याहून कमी म्हणजे मूल अशक्य, असं नाही. पण २० लाख म्हणजे फारच कमी. हे ऐकून ह्यांनी मान खाली घातली ती पुसेगाव येईपर्यंत वर केली नाही.

एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मध्ये ताप आला, आजारपण आलं तरी आकडा खाली जातो. म्हणून तपासणी पुन्हा करतात. ह्यांनी त्या तीन महिन्यांत तंबाखू सोडली. घरात रोज भांडण व्हायचं, पण सोडली. आकडा ३० लाखांवर गेला. वाढला, पण पुरेसा नाही.

आता सखीचा पहिला प्रश्न. लगेच ऑपरेशन करतात का? नाही. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी कसलाच मोठा उपचार सुरू होत नाही. फार तर फॉलिक ॲसिडची गोळी देतात. ती ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी, दिवस राहायच्या आधीपासून घेतली तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले दोष टळायला मदत होते. वजन, तंबाखू, मिश्री यांबद्दल सांगतात. बायांनो, मिश्री ही तंबाखूच आहे. नळ्यांचा एक्स-रे पहिल्या दिवशी नसतो. तो पाळी थांबल्यावर आणि बीज सुटायच्या आधी करतात. थोडं कळा आल्यासारखं दुखतं, म्हणून आधी गोळी देतात.

पुढची वाट पायऱ्यांची असते. कधी थायरॉईडची गोळी, कधी बीज सुटण्याच्या गोळ्या आणि संबंधांचे दिवस सांभाळणं, एवढ्यावरच काम होतं. आमच्याच एका गटातल्या बाईला थायरॉईड निघालं, सात-आठ महिने गोळी घेतली, दिवस राहिले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे आययूआय, वीर्य धुऊन पिशवीत सोडतात. त्याच्या पुढची आयव्हीएफ, म्हणजे आपण ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो ते. शुक्राणू फारच कमी असतील तर एक-एक शुक्राणू सुईनं बीजात घालतात, त्याला इक्सी म्हणतात. हे काही परदेशातलं खूळ नाही. मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असं बाळ जन्मलं होतं. पण पहिली पायरी सोडून कुणी थेट शेवटच्या पायरीवर नेत असेल, तर "मधल्या पायऱ्या आम्हाला का चालणार नाहीत?" हे विचारायचं. कधी कारण खरं असतं. नळ्या दोन्ही बंद असतील तर आययूआयचा उपयोगच नाही. पण कारण तुम्हाला कळेल असं सांगितलं पाहिजे.

आणि पैसे. माझ्या वहीत त्या पहिल्या तपासणीचा हिशेब अजून आहे. डॉक्टरांची फी ५००, सोनोग्राफी ८००, ह्यांची तपासणी ४००, दोघांचं रक्त ३ हजार २००, एस.टी. आणि जेवण ३००. एकूण ५ हजार २००. हा २०१७ चा हिशेब, आता दर वाढलेत. पण २० हजार पहिल्या दिवशी लागायला नकोत. त्यातही हिमोग्लोबिन, साखर, सोनोग्राफी अशा तपासण्या आधी सरकारी रुग्णालयात होतात का ते विचारा. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या-उपचार मोफत केलेले आहेत. तिथला रिपोर्ट घेऊन पुढे गेलात तर तेवढे पैसे वाचतात.

पहिल्या दिवशी पॅकेजवर सही करू नका. "आज भरले तर सूट" असं कुणी म्हणालं, तर "घरी विचार करून कळवतो" म्हणून उठा. कागद घरी आणा. चार प्रश्न वहीत लिहूनच न्या. दवाखाना नोंदणीकृत आहे का आणि नोंदणीचा नंबर काय? आमच्या वयात, आमच्या कारणात, एका फेरीत मूल हातात येण्याची शक्यता शंभरात किती? इंजेक्शनं, औषधं, भूल धरून एकूण खर्च किती? आणि नाही जमलं तर पुढं काय? आम्ही गेलो तेव्हा यावर वेगळा कायदा नव्हता. आता २०२१ चा कायदा आहे. दवाखान्याची नोंदणी लागते, तुमची लेखी संमती लागते, तक्रारीसाठी कक्ष ठेवावा लागतो. अशा उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. आणि "मुलगाच करून देतो" असं कुणी कानात सांगितलं तर तिथून आधी बाहेर पडा. गर्भ राहायच्या आधी असो वा नंतर, लिंग निवडणं गुन्हा आहे.

मी या पैशांबद्दल इतकं बोलते, कारण मी ते मोजलेत. आम्हाला इक्सी सांगितली. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की एक फेरी करायची, एकच. ५० हजार गटातून घेतले, दरमहा शेकडा २ रुपयांनी. माहेरच्या पाटल्या मोडल्या. १ लाख ९० हजार गेले. जमलं नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका फेरीत यश येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता जास्त असते, हे मला आधी माहीत होतं, तरी त्या दिवशी मी खूप रडले. आम्ही ठरवल्याप्रमाणं थांबलो. कर्ज फेडायला अडीच वर्षं लागली.

तर मैत्रिणींनो, मला मूल नाही. मग हिनं दवाखान्यात जाऊन काय मिळवलं, असं तुमच्या मनात येईल. सांगते. दुसऱ्या रिपोर्टनंतर घरी आलो, त्या रात्री ह्यांनी स्वतः आईला सांगितलं, "कमी माझ्यात आहे. तिला काही बोलू नकोस." सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. कुणीतरी नेहमीचा विषय काढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिच्यात काही नाही. उगाच तिला बोलू नका." एवढंच. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. पण सहा वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या होत्या.

आणि ह्यांना मी रेडिओवर सांगू का म्हणून विचारलं, तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. माणसाला जड जातंच. गावात पारावर बसायचं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "सांग. मी पाच वर्षं आधी आलो असतो तर तुझे हाल वाचले असते. तेही सांग." म्हणून सांगितलं.

आता त्या सखीचं. मी तिला म्हटलं, घरी जा, नवऱ्याला सांग, आणि तो यायला तयार असेल तरच तारीख घे. पुढच्या बैठकीला ती आली. वही उघडायला लावली. म्हणाली, "शिलाई मशीन खोडा. आणि २० हजार नकोत, सध्या ७ हजार द्या." सचिवानं विचारलं, "मग कारण काय लिहू?" ती एवढ्या बायकांत जरा थांबली. मग म्हणाली, "लिहा, दवाखाना. दोघांची तपासणी."

कुणी हसलं नाही. उलट मागं बसलेली एक जण मला नंतर येऊन म्हणाली, "ताई, त्या वहीत पाळीच्या तारखा कशा लिहायच्या ते मलाही दाखवा."

परवा ते दोघं सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. रिपोर्ट यायचे आहेत. काय येईल ते येईल.

तुमच्यापैकी कुणाला असं जायचं असेल आणि बरोबर कुणी नसेल, तर आपल्या गावच्या आशाताईंशी बोला, गटातल्या ताईंशी बोला. पण आधी घरातल्या त्या दुसऱ्या माणसाशी बोला. येते मी. पुढच्या वेळी पुन्हा हप्त्यांचं बोलू. नमस्कार.